बाजीराव झोपलाय, आजारी आहे, की नुसता गारठलाय?

पत्र थोडक्यात : शिकागोच्या एका उपनगरातून एका ताईंनी लिहिलं आहे. उन्हाळ्यात शेजारचं कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं आणि जाताना आपला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, काचेच्या टँकसकट ताईंच्या अकरा वर्षांच्या मुलाला देऊन गेलं. वय ‘तीन-चार वर्षं असेल’. मुलानं त्याचं नाव बाजीराव ठेवलं. घरात सव्वा वर्षाची मुलगी आहे, आणि कराडहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सत्तरीच्या सासूबाई आहेत. घर शाकाहारी, जिवंत किडे आणायला सगळ्यांचाच नकार, म्हणून बाजीराव पालक, लेट्यूस आणि गाजरावर होता. ऑक्टोबर लागल्यापासून त्यानं खाणं जवळजवळ सोडलंय. लाकडाखाली डोळे मिटून पडलेला असतो. तीन आठवड्यांत शी नाही. दुकानातला माणूस म्हणाला, ‘हिवाळ्यात हे झोपतातच.’ सासूबाई म्हणतात, थोडं एरंडेल पाजून बघा. नवरा म्हणतो, जवळच्या जंगलात सोडून देऊ. मुलगा रडतो. डिसेंबरात महिनाभरासाठी सगळ्यांची भारताची तिकिटं काढलेली आहेत. ताई विचारतात : तो मरतोय का? त्याला शाकाहारावर ठेवणं चूक आहे का? आणि दुसऱ्या कुणाला देऊन टाकला, तर मी मुलाचा विश्वासघात करते का?

---

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी माझा एक. टँकमध्ये बाजीराव ज्या दगडावर दिव्याखाली बसायचा, त्या दगडाचं तापमान किती आहे?

तुम्ही पत्र फार बारकाईनं लिहिलंय. त्याचा रंग, त्याची झोप, मुलाचं रडणं, सगळं आहे. टँक खिडकीशी ठेवलाय ‘म्हणजे ऊन मिळेल’, रात्री लाल दिवा लावता, दिवसाचा दिवा शेजाऱ्यांनी दिलेलाच आहे, हेही आहे. पण तापमानाचा एकही आकडा नाही. आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलंय.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या, रणरणत्या मुलखातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. त्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायचं, जंतूंशी झगडायचं, कॅल्शियम हाडांपर्यंत पोचवायचं, तर बाहेरची उष्णता आणि बाहेरचा प्रकाश लागतो. त्या अर्थानं टँक हा त्याच्या शरीराचाच एक अवयव आहे. तो बिघडला की प्राणी बिघडतो, आणि वरून दिसतं एवढंच : खात नाही, हलत नाही, झोपून असतो.

दुकानदार खोटं बोलला नाही. वर्षाच्या पुढचे निरोगी ड्रॅगन थंडीच्या दिवसांत खरोखरच मंदावतात. त्याला ब्रुमेशन म्हणतात. काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही ते जेमतेम हलतात, आणि त्यात त्यांचं वजन फारसं घटत नाही. पंचाईत अशी की गारठलेला ड्रॅगन तसाच दिसतो आणि आजारी ड्रॅगनही तसाच दिसतो. म्हणून ‘झोपलाय’ हा निकाल सगळ्यात शेवटी द्यायचा, बाकीच्या दोन शक्यता खोडून झाल्यावर. दुकानदारानं तो पहिल्यांदाच देऊन टाकला.

तेव्हा तो मरतोय का? पत्रावरून कुणीही ठामपणे सांगू नये, आणि मी पशुवैद्य नाही. पण तीन आठवडे शी नाही, आहारात किडे नाहीत, दिव्याचं वय माहीत नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना मी वाट बघणार नाही. या आठवड्यात डॉक्टरकडे न्या. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या दवाखान्यात नको. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर हवा. ‘असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्स’ या संघटनेच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले डॉक्टर शोधता येतात. जाताना टँकचे फोटो, दिव्यांवरच्या छापील अक्षरांचे फोटो आणि मिळाली तर ताजी शी डबीत घालून न्या. डॉक्टर बहुधा शी तपासतील, कारण आतड्यात सूतकृमी आणि कॉक्सिडिया हे परजीवी यांच्यात सर्रास सापडतात. एक्स-रे काढला तर हाडांची अवस्था, आतड्यातला अडथळा आणि अंडी, तिन्हींचा उलगडा एकदम होईल.

हो, अंडी. बाजीराव नरच आहे हे कुणी ठरवलं? मोठी झालेली मादी नराशिवायही अंडी घालते. ती फळत नाहीत, पण अडकली तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे दवाखान्यात बाजीरावाची मस्तानी झाली, तर मुलाला आधीच कल्पना देऊन ठेवा.

खालचा जबडा मऊ लागणं, बोटं किंवा पाय थरथरणं, मागचे पाय ओढत चालणं, डोळे खोल जाणं, पोट फुगणं, गार जागी बसूनही तोंड उघडून श्वास घेणं, यातलं काही दिसलं तर आठवड्याची वाट नको, त्याच दिवशी न्या. (दिव्याखाली ऊब घेताना मात्र तोंड उघडं ठेवणं नेहमीचं आहे. अंगातली जास्तीची उष्णता तो तशी बाहेर टाकतो.)

एरंडेल नको. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण अडथळा असेल तर जुलाब देऊन नुकसानच होईल, आणि अशक्त सरड्याच्या तोंडात जबरदस्तीनं ओतलेलं श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. घरात बाळाचे ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब असतील तर तेही नकोत. त्याचा अतिरेक विषारी ठरतो.

आता टँक. खिडकीचा विचार आधी काढून टाका. हाडांसाठी त्याला उन्हातल्या अतिनील किरणांचा यूव्हीबी हा भाग लागतो आणि खिडकीची काच तो जवळजवळ पूर्ण अडवते. उलट काचेच्या टँकवर थेट ऊन आलं तर आत भट्टी होते. म्हणजे फायदा शून्य आणि धोका पुरेपूर.

यूव्हीबी लांब नळीच्या दिव्यातून द्यायचा. टी-फाइव्ह एचओ प्रकारची, वाळवंटी प्राण्यांसाठीची, 10 ते 12 टक्के यूव्हीबीची नळी घ्या. ती टँकच्या निम्म्याहून अधिक लांबीची हवी. छोट्या गुंडाळलेल्या दिव्यांवर विसंबू नका. नळी आणि बसायची जागा यांतलं अंतर खोक्यावरच्या तक्त्याप्रमाणे ठेवा, आणि मध्ये जाळी असेल तर ती बराच प्रकाश खाते हे धरून चाला. एक गोष्ट फार जणांना माहीत नसते : नळी डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिच्यातला यूव्हीबी हळूहळू विझतो. साधारण वर्षानं ती बदलावीच लागते. तुमची नळी शेजाऱ्यांनी कधी लावली? आज संध्याकाळी त्यांना फोन करा. तेवढ्यात हेही विचारा : आधी काय खायचा, गेल्या हिवाळ्यात झोपला होता का, कधी अंडी दिली होती का. ही माहिती डॉक्टरलाही उपयोगी पडेल.

उष्णतेचं गणित सोपं आहे, फक्त मोजायला हवं. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग 105 ते 110 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 40 ते 43 सेल्सियस. टँकचं दुसरं टोक गार, 75 ते 85 फॅरनहाइटच्या दरम्यान. प्राणी या दोन टोकांमध्ये ये-जा करून स्वतःचं तापमान सांभाळतो, म्हणून दोन्ही टोकं लागतात. पृष्ठभागासाठी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि हवेसाठी तारेचा डिजिटल. काचेला चिकटवायच्या गोल तबकड्यांवर विश्वास ठेवू नका. उष्णतेला पांढरा हॅलोजन फ्लड दिवा छान चालतो, त्याला डिमर किंवा थर्मोस्टॅट जोडा. गरम होणारे विजेचे दगड घेऊ नका, पोट भाजतं. रात्रीचा लाल दिवा आजच बंद करा. त्याला रात्री अंधार हवा. खोली 65 फॅरनहाइटच्या खाली जात नसेल तर रात्री वेगळी ऊबही लागत नाही. जात असेल, तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा.

तुमचा टँक तीन फुटी आहे. मोठ्या ड्रॅगनची लांबी शेपटीसकट दीड ते दोन फूट भरते, तेव्हा चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच ही जागा योग्य. पण तो खर्च आज नको. आधी दिवे, मग डॉक्टर, टँक नंतर. खालची वाळू काढून सध्या कागदी टॉवेल पसरा. आजारी प्राण्याची शी त्यावर लगेच दिसते. आणि मुलगा ‘त्याला जोडीदार आणू’ म्हणतोय त्याला ठाम नाही म्हणा. हे एकटे राहणारे प्राणी आहेत. दोघं एकावर एक बसलेले दिसतात ते प्रेमानं नव्हे, दिव्याखालची जागा बळकावायला.

तुम्ही लिहिलंय की तो मुलाच्या हातावर तासन्‌तास शांत बसतो, म्हणजे त्याला माया लागली आहे. असेलही, हे ड्रॅगन माणसाला चांगले सरावतात. पण गारठलेला सरडाही शांतच बसतो, आणि माणसाचा हात उबदार असतो. दिवे बदलल्यावर तो पूर्वीपेक्षा खोडकर झाला, हातातून निसटायला लागला, तर मुलाला वाईट वाटेल. ते बरं होण्याचं लक्षण आहे हे त्याला तेव्हा सांगा.

दिवे नीट होऊन तो दोन-तीन दिवस गरम झाल्याशिवाय खायला घालू नका. गार पोटात अन्न पचत नाही, सडतं. कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवलं तर थोडं पाणी पिईल, कधी कधी शीही होते. आणि दर रविवारी वजन. त्यासाठी स्वतंत्र काटा आणा, स्वयंपाकघरातला नको. वजन दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरलं तर ती झोप नाही.

आता शाकाहाराचा प्रश्न. तुमच्या घरात काय शिजावं हा तुमचा धर्म. पण बाजीरावाच्या ताटात तो नेता येत नाही. मोठ्या ड्रॅगनच्या खाण्यात पाला-भाजी जास्त, तीन-चतुर्थांशाच्या आसपास असते हे खरं, म्हणून तुमचा अंदाज अगदी चुकीचा नव्हता. पण किडे पूर्ण वगळून चालत नाही. आणि पाल्यातही निवड चुकली आहे. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. चुका आणि बीटचा पाला त्याच माळेतले. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. त्याऐवजी मोहरीचा पाला, जो तुमच्या देशी दुकानात सरसों म्हणून मिळतो, कोलार्ड, डँडेलियनची पानं, किसलेला लाल भोपळा. अवोकॅडो अजिबात नको.

यूव्हीबी नाही, कॅल्शियम नाही, असं महिनोन्‌महिने चाललं की यांना जे होतं ते आपल्या मुडदुसाचंच भावंड. हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. म्हणून किड्यांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरवून द्यायची. किती आणि कितीदा, हे डॉक्टर त्याची हाडं बघून सांगतील.

किडे कुठे ठेवायचे यावर घरात वाद होणार हे मला दिसतंय. रातकिडे आणू नका. ते किरकिरतात, उड्या मारतात, आणि एखादा सासूबाईंच्या देव्हाऱ्यापाशी सापडला की प्रकरण संपलंच. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या छोट्या डबीत मिळतात. त्यांना काही खायला घालावं लागत नाही, आणि त्यांच्यात कॅल्शियमही भरपूर असतं. डुबिया जातीची झुरळं गुळगुळीत प्लॅस्टिकच्या डब्याला चढू शकत नाहीत आणि आवाज करत नाहीत, पण ‘झुरळ’ हा शब्द तुमच्या घरात चालेल का ते तुम्हीच ठरवा. डबा बेसमेंटमध्ये ठेवा. खायला घालणं नवऱ्याकडे आणि मुलाकडे, आठवड्यातून दोन-तीनदा. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. अंगणातले किडे कधीच नकोत. तुमच्याकडे जून-जुलैत काजवे निघतात आणि मुलं ते बरणीत धरतात. एक काजवा बिअर्डेड ड्रॅगनचा जीव घ्यायला पुरेसा आहे. मुलाला हे आजच सांगून ठेवा.

घरात जिवंत अळ्या ठेवणं हे मनाला खरोखर पटणारच नसेल, तर ते प्राणी दुसऱ्या घरी देण्याचं पूर्ण प्रामाणिक कारण आहे. त्यात लाज नाही.

पण माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात गंभीर मुद्दा वेगळाच आहे, आणि तो तुम्ही ओझरता लिहिलाय : मुलगा बाजीरावाला ज्या टबात अंघोळ घालतो, त्याच टबात बाळाचीही अंघोळ होते. हे आजपासून बंद. निरोगी दिसणाऱ्या सरड्यांच्या आतड्यातही साल्मोनेला हे जुलाब-तापाचे जंतू असू शकतात आणि ते शीतून टँकभर, अंगभर पसरतात. 2024 मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं पाळीव बिअर्डेड ड्रॅगनशी जोडलेल्या साल्मोनेलाच्या एका साथीचा तपास केला, त्यात आजारी पडलेल्यांमध्ये बरीचशी तान्ही बाळं होती. बाळानं प्राण्याला हात लावायलाच हवा असंही नाही. मोठ्यांच्या हातांवरून, कपड्यांवरून जंतू पोचतात. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक ज्या घरात आहेत, तिथे असे प्राणी ठेवण्याबाबत सीडीसी सावध करते. तुमच्या घरात या यादीतल्या दोघी आहेत.

मग काय, उद्याच काढायचा? माझं मत : नाही, पण अट कडक. टँक मुलाच्या खोलीत, दार बंद, बाळाला प्रवेश नाही. त्याची वाटी, दगड, लाकूड स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत; वेगळी बादली, आणि पाणी टॉयलेटमध्ये. सोफ्यावर फिरवणं नाही, पापी घेणं नाही. हात लावला की साबणानं हात धुवायचे, खांद्यावर बसला असेल तर बाळाला उचलण्याआधी शर्ट बदलायचा. हे दोन आठवडे पाळून बघा. धावपळीच्या घरात ते पाळलं जात नाही असं दिसलं, तर बाळ थोडं मोठं होईपर्यंत हा प्राणी तुमच्या घराचा नाही, हे उत्तर तुम्हाला आपोआप मिळेल.

जंगलात सोडण्याचा विचार मात्र नवऱ्यानं सोडावा. इथल्या पाळीव ड्रॅगनच्या पिढ्या माणसांच्याच घरात वाढल्या आहेत. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. इलिनॉयच्या नोव्हेंबरात तो काही दिवससुद्धा काढणार नाही. शिवाय मुलगा हे विसरणार नाही.

विश्वासघाताबद्दल. तुम्ही गृहीत धरलंय की प्राणी मुलाचा आहे आणि तो ठेवायचा की द्यायचा हा मुलाच्या मनाचा प्रश्न आहे. मला तसं वाटत नाही. हे प्राणी साधारण दहा वर्षं जगतात. बाजीराव आज चार वर्षांचा असेल, तर मुलगा कॉलेजच्या उंबरठ्यावर असेपर्यंत तो तुमच्याकडे असू शकतो. दिवे, डॉक्टरचं बिल, बाळाची सुरक्षितता ही अकरा वर्षांच्या मुलाची कामं नाहीत. शेजाऱ्यांनी प्राणी मुलाच्या हातात दिला, पण घेतला तुम्ही दोघांनी. मुलाला त्याची खरी कामं द्या : पाला चिरणं, वजन करून वहीत लिहिणं, तापमान बघणं. डॉक्टरकडे त्याला बरोबर न्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या. पुढे प्राणी द्यायची वेळ आली तर कारणं त्यानं स्वतः ऐकलेली असतील. आजारी अवस्थेत मात्र कुणाच्या गळ्यात मारू नका. बरा झाल्यावर, दिव्यांसकट, खरी माहिती देऊन द्या. शिकागो हर्पेटॉलॉजिकल सोसायटी ही तुमच्याच भागातली जुनी संस्था आहे. तिथे विचारलंत तर जाणत्या हातांत जाईल.

राहिली डिसेंबरची तिकिटं. तपासणी स्वच्छ आली आणि डॉक्टर म्हणाले की तो खरंच ब्रुमेशनमध्ये जातोय, तर काम हलकं : दिव्यांना टायमर, पाणी, आणि आठवड्यातून दोनदा येऊन वजन करणारं विश्वासाचं कुणीतरी. खातापिता झाला असेल तर एवढ्यावर भागणार नाही. डॉक्टरकडेच विचारा, सरपटणारे प्राणी बघणारे काही दवाखाने त्यांना राहायलाही ठेवतात, पण सुट्ट्यांच्या दिवसांतल्या जागा लवकर भरतात. तपासणीची वेळ घ्यायला फोन कराल तेव्हाच हेही विचारून घ्या.